आग्र्याची बंदूक

भैरवगढच्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, हे दूरदेशाहून उज्जैनला येणाऱ्या यात्रेकरूलाही ठाऊक असते. त्याच देवाला शिंद्यांची पगडी अर्पण केली जाते, ही गोष्ट मात्र बहुधा आपल्याच घरांतून सांगितली जाते. परंपरा अशी सांगते, की पानिपतच्या पराभवानंतर महादजी शिंद्यांनी क्षिप्रेकाठच्या या मंदिरात येऊन आपल्या डोक्यावरील पगडी देवापुढे ठेवली आणि उत्तरेत मराठ्यांचा अंमल पुन्हा बसावा असे मागणे मागितले. मागणे फळाला आले, मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि पगडीची रीत चालू राहिली.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नवसाचा भाग तीत भक्तिभावाने येतो. नवस आणि फळ यांच्या मध्ये जी काही वर्षे गेली, त्या वर्षांत पाटीलबावांनी काय केले, याची चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही. ती केली तर वाट भैरवगढहून निघते आणि आग्र्याच्या एका लोहारकामाच्या कारखान्यात जाऊन पोहोचते. तिथे शिंद्यांच्या पलटणींसाठी बंदुका घडत होत्या. लढाईचे हत्यार परक्याकडून विकत घ्यावे की आपल्या घरी घडवावे, हा प्रश्न आजही लहानमोठ्या सर्व राज्यांपुढे उभा आहे. उज्जैन ज्यांची राजधानी होती त्या राज्यकर्त्यांनी तो सव्वादोनशे वर्षांपूर्वी कसा सोडवला आणि तो सुटूनही राज्य का गेले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तो घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या घराण्यांतून एक समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मराठे शूर होते, पण इंग्रजांजवळ तोफा-बंदुका होत्या आणि आपल्याजवळ भाले-तलवारी, म्हणून आपण हरलो, अशी ती समजूत. ती मनाला बरी वाटते, कारण तीत आपला दोष उरत नाही. परंतु माळव्यात आणि अंतर्वेदीत जे प्रत्यक्ष घडले, ते या समजुतीला धरून नाही.

परक्यांच्या हत्यारांवर विसंबण्यातला धोका मराठ्यांना आरंभापासून माहीत होता. 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपल्या तोफा घेऊन वेढ्यात सामील झाले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकले. जो विकतो तो उद्या शत्रूलाही विकू शकतो, हे त्या प्रसंगाने कायमचे शिकवले. पेशवाईत तोफगोळे आणि तोफा घरी करण्याचे प्रयत्न झाले. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत आंबेगावास गोळ्यांचा आणि पुण्यास तोफांचा कारखाना निघाला. कवायती पायदळाचा धडाही पानिपतावर मिळाला होता. 1761 मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी केलेली झुंज शत्रूलाही मान्य करावी लागली. पण गारदी म्हणजे पगारावर आणलेली तयार फौज होती. तिची बंदूक, तिची कवायत आणि तिचा सरदार ही सर्व बाहेरून आलेली होती. गारदी गेले म्हणजे विद्याही गेली.

महादजींना या प्रश्नाकडे वळवले ते इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धाने. 1779 च्या जानेवारीत वडगावास मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले खरे. पण पुढच्याच वर्षी 3 ऑगस्ट 1780 रोजी कॅप्टन पॉफमने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरचा अभेद्य म्हणवला जाणारा किल्ला घेतला, आणि 1781 मध्ये इंग्रजांच्या पायदळाने माळव्याच्या सीमेवर महादजींच्या छावणीवर छापा घातला. थोड्याशा कवायती पलटणी एवढ्या मोठ्या घोडदळाला भारी पडतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. 1782 चा सालबाईचा तह झाल्यावर त्यांना उसंत मिळाली आणि त्या उसंतीत त्यांनी जो निर्णय घेतला तो मराठ्यांच्या लष्करी इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय म्हणावा लागेल.

1784 साली सव्हॉयमधील शांबेरी गावचा बेन्वा डी बॉईन त्यांच्या चाकरीत आला. फ्रेंचांच्या, रशियाच्या आणि मद्रासेस कंपनीच्या सैन्यात त्याची उमेदवारी झाली होती. त्याच्याकडे प्रथम दोन पलटणी उभारण्याचे काम सोपवण्यात आले. त्याच सुमारास सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश कारागीर शिंद्यांकडे आला. तो पूर्वी गोहदच्या राण्याच्या नोकरीत होता. डी बॉईनचे नाव इतिहासाच्या पुस्तकांतून झळकते, सँगस्टरचे क्वचितच दिसते. आमच्या मते या कथेत त्याचे महत्त्व तसूभरही कमी नाही, कारण तोफा ओतण्याचे आणि बंदुका घडवण्याचे काम आग्र्यास त्याच्या देखरेखीखाली चालू झाले.

त्या काळी पर्याय कोणते होते, ते पाहिले म्हणजे या कारखान्याची किंमत कळते. इंग्रज कंपनी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती चांगल्या बंदुका राजीखुशीने देणार नव्हती. फ्रेंच, पोर्तुगीज आणि डेन लोकांच्या बंदरांतून माल मिळे. पण तो समुद्रावरून येणार, दुसऱ्याच्या मुलखातून शेकडो कोस जमिनीवरून येणार आणि युरोपात लढाई पेटली की येणे थांबणार. लढाईत जिंकलेली हत्यारे हा तिसरा मार्ग; पण त्यांची नळी निरनिराळ्या व्यासाची असे, एकाला लागणारी गोळी दुसरीला लागत नसे. कवायती पलटणीला तर सर्वांना एकच गोळी, एकच माप आणि एकाच वेळी मारा हवा. तेव्हा एका मापाच्या हजारो बंदुका हव्या असतील तर त्या घरी घडवणे एवढाच मार्ग उरत होता.

बंदूक घडवणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. लोखंडाची पट्टी तापवून दांड्याभोवती वळवायची, तिचा सांधा ठोकून एकजीव करायचा आणि मग आतले भोक कोरून सारखे करायचे, हे काम हिंदुस्थानी लोहार पिढ्यानपिढ्या करीत आले होते. अडचण होती ती चापाची. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला लागली की काम झाले. तीत नाजूक असे काही नाही. चकमकीच्या बंदुकीत मात्र पोलादी कमानी लागतात, त्यांना नेमके पाणी द्यावे लागते आणि गारगोटी पोलादावर आपटून दरवेळी ठिणगी पडली पाहिजे असा मेळ जमवावा लागतो. तो जमला तर कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शकतो, शेजारच्या शिपायाच्या वातीने दारू पेटण्याचे भय राहत नाही आणि रांगा दाट करता येतात. कारखान्यात हा मेळ जमला. आग्र्याची बंदूक दहा रुपयांत पडे आणि दिसण्यात व कामात विलायती बंदुकीच्या बरोबरीची असे, असा इंग्रज लेखकांनीच निर्वाळा दिला आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हांला याहूनही शहाणपणाची वाटते. सर्वच पलटणींना चकमकीची बंदूक देण्याचा अट्टाहास झाला नाही. डी बॉईनच्या कंपूत तिलंग्यांच्या पलटणींना विलायती घाटाच्या बंदुका होत्या, तर नजीब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणींना देशी तोड्याचीच बंदूक ठेवून तिला संगीन लावून दिली होती. रोहिले आणि पठाण ज्या हत्याराशी लहानपणापासून खेळत आले तेच हत्यार त्यांच्या हाती राहिले आणि घोडदळाचा हल्ला परतवण्यापुरती नवी भर त्यात पडली. आपले काय टाकायचे, परक्याचे काय घ्यायचे आणि दोन्ही कुठे जोडायचे, याचा इतका व्यवहारी विचार त्या काळी फार थोड्या दरबारांत झाला असेल.

याला पैशाची जोड होती. डी बॉईनला अंतर्वेदीत मोठी जहागीर नेमून दिली होती आणि तिच्या वसुलातून पलटणींचा पगार वेळेवर होई. ज्या काळात शिपायाचा पगार वर्षवर्ष थकत असे आणि फौजा सरदाराच्या दारात धरणे धरून बसत, त्या काळात हा नियमितपणा दुर्मीळ होता. तो नसला तर काय होते हेही महादजींनी अनुभवले होते. 1787 मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणी ऐन वेळी तोफांसकट शत्रूला मिळाल्या होत्या. पुढे कंपू सिद्ध झाल्यावर मात्र चित्र पालटले. 20 जून 1790 रोजी पाटण आणि त्याच वर्षी 10 सप्टेंबरला मेडता येथे शिंद्यांच्या पायदळाने निर्णायक जय मिळवले. भैरवगढच्या देवापुढे ठेवलेली पगडी पुन्हा डोक्यावर चढली, ती आग्र्याच्या भट्टीतून आणि अलीगडच्या कवायतीच्या मैदानातून फिरून आली होती, असे म्हटल्यास देवाचा अपमान होणार नाही.

इथवरची कथा अभिमानाची आहे. यापुढची सांगताना लेखणी अडखळते. पण ती टाळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

नव्या पायदळाचा एक मोठा विजय 1793 साली लाखेरीच्या घाटात झाला. समोर शत्रू होता तुकोजी होळकरांची फौज. होळकरांनीही द्युद्रेनेक नावाच्या फ्रेंचाकडून चार पलटणी तयार करून घेतल्या होत्या. त्या डी बॉईनने जवळजवळ नामशेष केल्या. दोन मराठी दौलती, दोघांची कवायती पलटणी, दोघांचे युरोपी सेनापती, आणि रण आपसांत. पुढे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींचा अंत झाला. 1795 च्या अखेरीस डी बॉईनने नोकरी सोडली आणि तो आपली संपत्ती घेऊन मायदेशी परतला. त्याच्या जागी पेरां आला. दौलतराव शिंदे तेव्हा जेमतेम पोरवयाचे होते.

1801 च्या जुलै महिन्यात ही यादवी उज्जैनच्या वेशीपर्यंत आली. यशवंतराव होळकरांनी शहराबाहेर शिंद्यांच्या पलटणींवर हल्ला केला. या पलटणींचा नायक जॉर्ज हेसिंग हा डच बापाचा मुलगा होता. त्याचे बरेचसे युरोपी अधिकारी पडले किंवा कैद झाले आणि शहराला जबर खंडणी भरावी लागली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटून तिचा सूड घेतला. आपल्यापैकी ज्या घराण्यांचे पूर्वज तेव्हा उज्जैनला होते आणि ज्यांचे इंदूरला होते, त्या दोघांच्याही घरांवर त्या एकाच वर्षात संकट आले. बंदुका स्वदेशी होत्या. ज्यांच्यावर त्या रोखल्या गेल्या तेही स्वदेशीच होते.

मग 1803 साल उजाडले. वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांच्या कह्यात गेले होते आणि शिंदे-भोसल्यांशी युद्ध जुंपले. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकारी सोडून येतील तर कंपनी त्यांची सोय लावील. या एका कागदाने जे काम केले ते कित्येक तोफांना झाले नसते. अधिकारी एकामागून एक निघून गेले. 4 सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. त्याच्या दाराचा मार्ग दाखवणारा ल्यूकन हा काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच नोकर होता. पेरां स्वतः त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आग्र्याच्या शिबंदीने तर आपल्याच युरोपी अधिकाऱ्यांवर अविश्वास दाखवून त्यांना कैदेत टाकले. तरीही 18 ऑक्टोबरला आग्रा गेले. ज्या शहरात बंदुका घडत होत्या ते शहरच गेल्यावर पुढची बंदूक कुठून येणार होती? राजधानी माळव्यात आणि कारखाना यमुनेकाठी सीमेवर, ही मांडणी शांततेच्या काळात सोयीची होती. लोहार, लोखंड, सोरा आणि जहागिरीचा पैसा ही सर्व तिकडे जवळ होती. युद्धात मात्र ती पहिल्या घावालाच उघडी पडली.

हत्यार हलके होते म्हणून हे घडले काय? याचे उत्तर शत्रूनेच देऊन ठेवले आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या 98 तोफा घेतल्या, पण त्यांच्या गोलंदाजांनी जागा सोडली नव्हती. कित्येक मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. त्या तोफा आणि त्यांचे सर्व साहित्य इतके उत्तम होते की ते कंपनीच्या सैन्यात तसेच वापरता येईल, टिपूच्या तोफांविषयी असे कधी म्हणता आले नाही, असा अभिप्राय वेलस्लीने नोंदवला. 1 नोव्हेंबरला लासवारीस जे झाले ते याहून मोठे आहे. तिथे शिंद्यांच्या पलटणींपाशी युरोपी सेनापती उरलेला नव्हता. तरी त्या तोफांना खेटून उभ्या राहिल्या आणि बहुतेक उभ्या उभ्याच संपल्या. सेनापती लेकने आपल्या पत्रात कबूल केले, की असे लढणे आपण पाहिले नव्हते आणि या लोकांना जर त्यांचे अधिकारी असते तर परिणाम काय झाला असता सांगवत नाही.

या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. लासवारीचा शिपाई कोण होता? त्याची बंदूक आग्र्याची, दारू इथल्या सोऱ्याची, तोफ इथे ओतलेली आणि तो स्वतः अंतर्वेदीचा, अवधचा किंवा रोहिलखंडाचा. कवायतही आता त्याच्या अंगात मुरली होती. राज्यातले जे जे स्वदेशी होते ते त्या दिवशी जागेवर होते. जे परदेशी होते तेवढेच निघून गेले होते, आणि नेमके तेच मस्तकाच्या जागी बसवलेले होते.

आमच्या मते शिंद्यांच्या चुकीचे मूळ इथे आहे. महादजींनी बंदूक घरी आणली, बंदुकीची विद्या मात्र घरी आणली नाही. सँगस्टरच्या हाताखाली शेकडो देशी कारागीर राबले असतील. पण कारखान्याचा मुख्य आपला माणूस व्हावा अशी सोय झाली नाही. पलटणीत हवालदार आणि जमादार देशी होते. पण कंपूचा सेनापती देशी व्हावा अशी शिडी ठेवली नव्हती. मराठा सरदारांची मुले घोड्यावरून उतरून पायदळाच्या रांगेत उभी राहायला तयार नव्हती, हाही दोष लपवण्यासारखा नाही. पायदळ हे पगारी लोकांचे काम आणि घोडा हे मानाचे वाहन, ही समजूत आपल्या घरांतून होती. परका सेनापती आपल्या गळ्यात कोणी बांधला नव्हता. ती जागा आपणच रिकामी ठेवली होती.

याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती पायदळाचा नाद धरला म्हणून ते बुडाले, असे एक मत इंग्रज सेनानींपासून चालत आले आहे. रँडॉल्फ कूपर यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रज-मराठा युद्धांवरील ग्रंथात याच्या उलट बाजू मांडली. मराठ्यांचे तोफखाने आणि पायदळ कमी प्रतीचे नव्हते. ज्या बाजारातून शिपाई आणि अधिकारी विकत मिळत, त्या बाजारात कंपनीची पत आणि पैसा सरस ठरला, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांला हे दुसरे मत पटते, मात्र एका पुरवणीसह. बाजारात जे विकत मिळते ते बाजारात विकलेही जाते. जे विकत घ्यावे लागू नये अशी तजवीज करता आली असती, ती केली नाही, हा दोष पैशाच्या माथी मारता येणार नाही.

यशवंतराव होळकरांनी हा दोष ओळखला होता असे दिसते. इंग्रजांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांनी आपल्या तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांना देहान्त शिक्षा दिली. युद्ध संपल्यावर ते भानपुऱ्यास तोफा ओतण्याच्या कामात स्वतः भट्टीपाशी उभे राहत, असे वर्णन माल्कमने केले आहे. दौलतीचा धनी धातूच्या रसापाशी उभा राहतो, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासात विरळा आहे. पण तोवर वेळ निघून गेली होती. श्रमांनी, चिंतेने आणि मद्याने त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि 1811 मध्ये ते वारले. एक मनुष्य आपल्या उरलेल्या आयुष्यात जे करू पाहत होता, ते करायला पिढ्या लागतात.

शिंद्यांवर आलेली पाळी एकट्यांची नव्हती. हैदराबादेस रेमाँ नावाच्या फ्रेंचाने निजामासाठी तोफांचा कारखाना काढला. त्या भागाला अजून ‘गनफाउंड्री’ म्हणतात. 1798 मध्ये इंग्रजांच्या दडपणाखाली निजामाने ती सारी फ्रेंच फौज एका तहानिशी मोडून टाकली. नेपाळची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. जंगबहादुराने 1857-58 मध्ये इंग्रजांना सैन्याची मदत केली होती. तरी पुढे मागून भरायच्या नव्या मार्टिनी बंदुका नेपाळला द्यायला इंग्रज राजी नव्हते. तेव्हा गेहेंद्र शमशेर राणा यांनी 1880 च्या दशकात काठमांडूत त्याच पद्धतीची बंदूक स्वतः घडवून घेतली आणि नंतर हाताने फिरवायची ‘वीर’ नावाची यांत्रिक तोफही केली. हातघडणीच्या कामामुळे एकीचा भाग दुसरीला बसत नसे, ही त्यांची उणीव होती. पण नकार मिळाल्यावर हात जोडून बसण्यापेक्षा ती उणीव पत्करणे नेपाळला बरे वाटले.

त्याच नेपाळवर शंभर वर्षांनी उलट प्रसंग आला. माओवाद्यांशी लढताना 2001 पासून त्याने भारताकडून मोठ्या सवलतीत इन्सास रायफली घेतल्या. 1 फेब्रुवारी 2005 रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेताच भारताने लष्करी मदत थांबवली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली येथे नेपाळी सैन्याची मोठी हानी झाली, तेव्हा रायफल तापून बंद पडते अशी तक्रार नेपाळी सैन्याने जाहीरपणे केली, आणि भारताने देखभालीतील ढिलाईकडे बोट दाखवले. कोणाचे किती खरे, हा वाद बाजूला ठेवू. जो देतो त्याच्या मर्जीवर पुरवठा अवलंबून असतो आणि बिघाडाचा दोष कोणाचा हे ठरवण्याचे साधनही घेणाऱ्याजवळ नसते, एवढे त्यातून दिसते.

देणारा देश म्हणून आपण तेव्हा ज्या जागी होतो, घेणारा देश म्हणून त्याच जागी आपणही राहिलो आहोत. 1965 च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा रोखला होता. इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या पाषाण भागातील संरक्षण संशोधन संस्थेत तयार झाला. कारगिलच्या युद्धात तिचा वापर झाला आणि तिच्या उणिवांची चर्चाही झाली. 2019 मध्ये भारताने अमेरिकेकडून 72,400 सिग रायफली मागवल्या, 2021 मध्ये सहा लाखांहून अधिक एके-203 रायफली अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने बनवण्याचा करार केला आणि 2024 च्या जानेवारीत पुण्याच्या त्याच संस्थेने ‘उग्रम’ ही नवी रायफल पुढे आणली. विकत घेणे, परवान्यावर बनवणे आणि आपण रचणे, असे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू आहेत. यांतला कोणता एकच मार्ग योग्य, असा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र आग्र्याच्या कारखान्यावरून एक कसोटी सुचते. हत्यार कोणत्या गावी बनले हे विचारून भागत नाही. उद्या शिकवणारा निघून गेला तर ते दुरुस्त कोण करील, सुधारील कोण आणि त्याच्या जोरावर फौज चालवील कोण, हे विचारले पाहिजे. या तीन प्रश्नांना आपल्या माणसांची नावे सांगता आली तरच ते हत्यार आपले.

भैरवगढला हे समजायला फार दूर जावे लागत नाही. काळभैरवाचे दर्शन घेऊन वस्तीत शिरले की छीपांची घरे लागतात. लाकडी ठशांचे छापकाम आणि मेणाचे बाटिक यांसाठी हे गाव नावाजलेले आहे. 2023 साली उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांचे पूर्वजही आपल्यासारखे बाहेरून इथे आले. पण त्यांनी आपली विद्या बरोबर आणली आणि ती घरातल्या पोराच्या हाती दिली. रंग किती वेळ उकळायचा आणि मेण केव्हा ओतायचे, हे तिथल्या लहान मुलालाही पाहून पाहून कळते. दरबार गेले, राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या लष्करात हलली, संस्थान विलीन झाले. क्षिप्रेवर कापड मात्र वाळत राहिले. आग्र्याची बंदूक एके काळी विलायतीच्या तोडीची होती, पण ती घडवणाऱ्या हातांची परंपरा आज कोणी दाखवू शकत नाही.

आपल्या घरांतून दसऱ्याला शस्त्रपूजा होते. कुणाकडे तलवार असते, कुणाकडे कट्यार आणि एखाद्याकडे नळीला गंज चढलेली, चाप निखळलेली जुनी बंदूक. तिच्यावर हळदकुंकू वाहताना आपण पूर्वजांच्या शौर्याचे स्मरण करतो, ते उचितच आहे. लासवारीच्या शिपायाने त्या स्मरणावर आपला हक्क सिद्ध केला आहे. मात्र त्याच वेळी मुलांना एवढे अवश्य सांगावे, की ही बंदूक हलकी नव्हती आणि आपण हत्यारावाचून हरलो नाही. ती घडवायला आणि तिच्यामागे उभ्या असलेल्यांना हुकूम द्यायला आपण दुसऱ्याला बसवले होते. तो उठून गेला तेव्हा त्याच्या जागी बसायला आपल्यापैकी कोणी शिकलेला नव्हता.